इटालियन नकलेचं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर: फुटेल का, आणि खिळखिळं होईल का?

टेक्सासमधल्या एका मराठी गृहस्थांनी विचारलंय, ते थोडक्यात असं: रेंजवर दोन वर्षं जातोय, आता १८७३ च्या कोल्टसारखं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर (दर गोळीला मागचा घोडा, म्हणजे हॅमर, हाताने ओढावा लागतो तसलं) घ्यायचं मनात आहे. अस्सल कोल्ट परवडत नाही, म्हणून .४५ कोल्टमधली इटालियन नक्कल बघतोय. रेंजवरचे जुनेजाणते सांगतात की नकलेचं पोलाद मऊ असतं, वर्षभरात सगळं हलायला लागतं, जोरदार काडतूस घातलं तर हातात फुटेल. यात खरं किती? आणि .३५७ मॅग्नम काडतुसाचं घेतलं तर जास्त मजबूत पडेल का?

मी लेथवर हात बसवला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आणि गेली १९ वर्षं अ‍ॅरिझोनात बंदूक दुरुस्तीचं काम करतोय. आमच्या टेबलावर येणाऱ्या सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये इटालियन नकलाच जास्त असतात, कारण इकडच्या काउबॉय स्पर्धांमध्ये (जुन्या धाटणीच्या बंदुकांच्या नेमबाजीत) त्या खूप वापरल्या जातात. त्यामुळे जे लिहितोय ते उघडून पाहिलेलं आहे.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. फुटेल का, हा एक. खिळखिळं होईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काडतुसाचा दाब आणि सिलिंडरची भिंत यांत आहे. दुसऱ्याचं उत्तर घोड्याखाली लपलेल्या चार-पाच छोट्या भागांत आहे, आणि त्याचा पहिल्याशी फारसा संबंध नाही. "नकलेचं पोलाद मऊ" म्हणणारी मंडळी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा अनुभव सांगत असतात आणि त्यावरून पहिल्याचा निष्कर्ष काढतात.

आधी फुटण्याचं बघू. .४५ कोल्ट हे काडतूस १८७३ सालचं. आत काळी दारू भरायची, मूळ मापात ४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), आणि पुढे २५५ ग्रेनची शिशाची गोळी. आज अमेरिकेत या काडतुसासाठी ठरलेला कमाल दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. तुलनेला .३८ स्पेशल १७,०००, .३५७ मॅग्नम ३५,००० आणि .४४ मॅग्नम ३६,०००. म्हणजे आकाराने हे काडतूस दांडगं असलं तरी दाबाच्या हिशोबात .३८ स्पेशलपेक्षाही सौम्य आहे. कारखान्याचं साधं .४५ कोल्ट काडतूस घातलं म्हणून चांगल्या स्थितीतल्या इटालियन रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुटलंय, असं १९ वर्षांत माझ्या टेबलावर एकदाही आलेलं नाही.

फुटलेली मात्र आली आहेत. त्यातलं एक सिलिंडर मी खणात जपून ठेवलंय, नवीन गिऱ्हाइकांना दाखवायला. घोड्याखालचं घर (काडतूस बसतं ते भोक) आणि त्याच्या शेजारची दोन, अशी तीन घरं फुलासारखी उघडली आहेत. सिलिंडरच्या वरून जाणारी चौकटीची पट्टी कमानीसारखी उचलली गेली होती. तुटलेल्या कडेला बोट लावलं तर धातूचा पोत एकसारखा, बारीक लागतो. पोलादात खोट नव्हती. मालक काडतुसं घरी भरायचे. .४५ कोल्टचं पितळी नळकांडं काळ्या दारूच्या मापाने लांब केलेलं आहे. आजची धूररहित दारू तेवढ्याच कामाला फार थोडी लागते, तळाशी पडून राहते. दुसऱ्यांदा माप ओतलं गेलं तरी वरून पटकन कळत नाही. त्यांच्या बाबतीत तेच झालं होतं. अस्सल कोल्ट असतं तरी याच तीन घरांचं हेच झालं असतं. सुदैवाने माणूस हातावरच्या चार टाक्यांवर सुटला. घरी काडतुसं भरणार असाल तर प्रत्येक नळकांड्यात उजेड टाकून बघितल्याशिवाय गोळी बसवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता "अस्सल म्हणजे मजबूत" या समजुतीकडे येतो. जुन्या कोल्टच्या सुरुवातीच्या चौकटी (नळी आणि सिलिंडर धरून ठेवणारा मुख्य सांगाडा) आजच्या मिश्र पोलादाच्या नाहीत, त्या काळ्या दारूच्या बेतानेच केलेल्या होत्या. धूररहित दारूसाठी कोल्ट कंपनीने हमी द्यायला सुरुवात केली ती १९०० साली, साधारण १,९२,००० क्रमांकाच्या पुढच्या रिव्हॉल्व्हरपासून. म्हणजे आजोबांच्या पेटीतलं १८८० चं अस्सल कोल्ट आणि आज इटलीहून आलेली नक्कल समोरासमोर ठेवली, तर गोळी झाडायला मी डोळे मिटून नक्कल उचलेन. पहिल्याची किंमत कितीतरी पट असेल, पण ती इतिहासाची किंमत आहे.

या नकला बहुतेक येतात उत्तर इटलीतल्या ब्रेशिया प्रांतातून. तिथलं व्हाल ट्रोम्पिया हे खोरं कित्येक शतकं लोखंडावर आणि नळ्यांवर जगतंय. बेरेटा घराण्याची व्हेनिसला नळ्या पुरवल्याची नोंद १५२६ सालची आहे. नकलांचा धंदा सुरू झाला तो १९५० च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा. आल्डो उबेर्तींनी १९५९ मध्ये कारखाना काढला आणि आधी १८५१ च्या ठासणीच्या नेव्ही कोल्टची नक्कल केली. आज उबेर्ती आणि पिएता ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. अमेरिकेतले आयातदार आपापली नावं उमटवून विकतात, पण नळीखाली बघितलंत तर मूळ कारखाना कळतो.

इटलीत प्रत्येक बंदुकीला सरकारमान्य चाचणीगृहात दाबाची परीक्षा द्यावीच लागते. गार्दोने व्हाल ट्रोम्पियामध्ये हे गृह आहे. तिथे प्रत्येक रिव्हॉल्व्हरमधून ठरलेल्या कमाल दाबापेक्षा ३० टक्के जास्त दाबाची काडतुसं झाडतात आणि मगच शिक्का मारतात. अमेरिकेत अशी कायद्याने सक्तीची व्यवस्था नाही, इथले कारखाने आपापली चाचणी करतात. शिक्क्याच्या शेजारी छोट्या चौकटीत दोन अक्षरं असतात, ते चाचणीचं वर्ष. 'एए' म्हणजे १९७५. त्याआधी रोमन आकडे होते. जुनी नक्कल विकत घेताना ही दोन अक्षरं मी सर्वांत आधी बघतो, कारण विकणाऱ्याच्या आठवणीपेक्षा ती जास्त भरवशाची.

मग जोरदार काडतुसं घालायची का? नाही. .४५ कोल्टसाठी प्लस-पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाचं) असं अधिकृत मापच नाही. तरीही बाजारात काही डब्यांवर तसं लिहिलेलं दिसेल. ती काडतुसं रूगर या अमेरिकन कंपनीच्या ब्लॅकहॉकसारख्या मोठ्या चौकटीच्या रिव्हॉल्व्हरसाठी असतात. ब्लॅकहॉकचं सिलिंडर सुमारे १.७३ इंच व्यासाचं, कोल्टचं आणि त्याच्या नकलेचं सुमारे १.६५ इंच. फरक कागदावर छोटा वाटतो, पण तो सगळा भिंतीत जातो. कोल्टच्या मापात .४५ चं भोक पाडलं की बाहेरची भिंत पातळ उरते आणि सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खिट्टीची खाच जिथे कोरलेली असते तिथे सर्वांत पातळ. यात नक्कल-अस्सल असा भेदच नाही, दोघांची भूमिती एक आहे. रूगरचीसुद्धा सगळी मॉडेल्स एकसारखी नाहीत. १९९३ चं जुनं व्हकेरो मोठ्या चौकटीवर होतं, २००५ पासूनचं न्यू व्हकेरो कोल्टच्या मापाजवळ आलं. नावात एक शब्द वाढला म्हणून लोक फसतात.

रूगरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. रूगरच्या चौकटी मेणसाच्यातून ओतलेल्या असतात, आणि "ओतीव म्हणजे कमकुवत" हे मी इथेही ऐकतो आणि कोल्हापुरातही ऐकायचो. बिडाचं ओतकाम डोळ्यापुढे ठेवून माणसं बोलतात. चांगलं मिश्र पोलाद, नीट ओतलेलं आणि नीट उष्णोपचार केलेलं, दणकट असतं. घडीव की ओतीव यापेक्षा कोणतं पोलाद, कसं तापवलं-विझवलं आणि भिंत किती जाड, हे विचारा. चौकटीवरच्या निळ्या-तपकिरी ढगाळ रंगावरूनही मजबुती ठरवू नका. तो रंग कधी खऱ्या पृष्ठ-कठिणीकरणाचा असतो, कधी नुसत्या रसायनाचा.

.३५७ चा प्रश्न चांगला विचारलात, कारण त्याचं उत्तर सरळ नाही. त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये भोक लहान, म्हणून भिंत जाड. नळीही जाड. तेवढ्यापुरतं .३५७ मजबूत. पण गोळी पुढे जाताना नळकांडं मागे रेटतं, आणि तो रेटा चौकटीला सोसावा लागतो. साधा हिशोब करा: दाब गुणिले नळकांड्याच्या बुडाचं क्षेत्रफळ. .४५ कोल्टला तो साधारण अडीच हजार पौंड निघतो, .३५७ मॅग्नमला चार हजाराच्या आसपास. हा ढोबळ आकडा आहे, नळकांडं भिंतीला चिकटून बराच भार घेतं, पण प्रमाण लक्षात येतं. म्हणून पूर्ण दाबाचं मॅग्नम रोज झाडलं तर सिलिंडरला काही होत नाही, झीज होते ती चौकटीच्या मागच्या भिंतीची, सिलिंडर ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्याची आणि छोट्या भागांची. माझी शिफारस अशी: .३५७ घ्या, आणि त्यात .३८ स्पेशल झाडा. खर्च कमी, हाताला त्रास कमी, आणि रिव्हॉल्व्हर तुमच्या मुलांपर्यंत जाईल. मॅग्नम अधूनमधून झाडलंत तर त्यासाठी ते बनवलेलंच आहे. पण तुमचा जीव जुन्या .४५ वर असेल तर खुशाल तेच घ्या. त्या सौम्य दाबाला ते रिव्हॉल्व्हर आयुष्यभर पुरतं.

आता खिळखिळं होण्याकडे येतो, कारण खरी दुरुस्ती इथेच असते.

घोडा मागे ओढला की आत एक पट्टी वर सरकते आणि सिलिंडर एक घर पुढे फिरवते. त्याच वेळी खालून एक खिट्टी खाली जाते, सिलिंडरला मोकळं करते आणि पुढचं घर नळीसमोर आलं की पुन्हा वर येऊन खाचेत बसते. खिट्टीला मागे दोन पाय असतात. त्यातला एक घोड्याच्या बगलेतल्या छोट्या उंचवट्यावरून घसरतो, दर वेळी किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. खिट्टी आणि चाप या दोघांना मिळून एकच चपटी, दोन फाट्यांची स्प्रिंग. तिचा एक फाटा मोडला की रिव्हॉल्व्हर बंद. कोल्टने १८७३ मध्ये हीच रचना केली, अस्सल कोल्टमध्येही हेच मोडतं. रूगरने तारेच्या गुंडाळी स्प्रिंगा घातल्या आणि म्हणून तिथे ही तक्रार जवळजवळ येतच नाही.

मागच्या महिन्यात एक बाई त्यांच्या वडिलांचं नकली कोल्ट घेऊन आल्या. म्हणाल्या, कधी फिरतं, कधी फिरत नाही. मी रिकामं असल्याची खात्री केली, नळी जमिनीकडे धरली, घोडा ओढला, सिलिंडर फिरलं. नळी छताकडे केली, घोडा ओढला, सिलिंडर जागचं हललं नाही. उघडायच्या आधीच कळलं: फिरवणाऱ्या पट्टीला पुढे दाबून धरणारी पानासारखी स्प्रिंग मोडलेली. नळी खाली असली की पट्टी स्वतःच्या वजनाने पुढे पडते आणि सिलिंडरचे दात पकडते, नळी वर केली की मागे पडते. आत दोन तुकडे निघाले, नखाएवढे. मोडलेल्या जागी कानशीचा एक आडवा ओरखडा होता, तिथूनच चीर गेली होती. बनवणाऱ्याने शेवटचा हात फिरवताना स्प्रिंगच्या लांबीत घासायचं ते आडवं घासलं, एवढंच. नवी स्प्रिंग बसवली, कडा उभ्या घासून गुळगुळीत केल्या. वडिलांचं रिव्हॉल्व्हर मऊ पोलादाचं आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या ते विकायला निघाल्या होत्या.

नकलेत पैसे वाचतात ते याच जागी. मोठे भाग यंत्रावर नेमके निघतात, आणि गेल्या २० वर्षांत संगणकाच्या यंत्रांमुळे तर फारच नेमके निघतात. पण छोट्या भागांची एकमेकांशी जुळणी शेवटी माणसाच्या हाताने होते आणि त्या हाताला दिलेला वेळ स्वस्त मालात कमी असतो. म्हणून एकाच कारखान्याची, एकाच महिन्यातली दोन रिव्हॉल्व्हर वेगळी लागतात. "अमुक कंपनीचं चांगलं का?" याला माझं उत्तर म्हणून नेहमी असतं, समोरचं हे एक हातात द्या, मग सांगतो.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. आधी सिलिंडर रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि दुकानदाराला विचारून मगच घोडा ओढा. घोडा अगदी सावकाश मागे न्या, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत किंवा त्याच क्षणी खिट्टी 'टक' करून खाचेत बसली पाहिजे. घोडा अडकला आणि खिट्टी बसलीच नाही, तर पट्टी आखूड आहे. हे सहाही घरांवर करा, कारण पाच बरोबर आणि एक चुकीचं असं हमखास सापडतं. मग घोडा चढलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालेल, खडखडाट नको. सिलिंडरवर खाचांच्या रेषेत गोल चरा पडलेला दिसला तर खिट्टी लवकर वर येतेय. वापरलेल्या मालात पुसट चरा असतोच, पण नव्यात खोल चरा असेल तर दुसरं दाखवायला सांगा. शेवटी सिलिंडर आणि नळी यांतली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. ०.००४ ते ०.००८ इंच असेल तर उत्तम. फट जास्त असली की बाजूने शिसं उडतं, फारच कमी असली की चार डाव झाडल्यावर काजळीने सिलिंडर अडकतं. मोजताना सिलिंडर पुढे ढकलून आणि मागे ओढून, दोन्ही मापं घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे पुढे-मागे होणारी ढिलाई, आणि मॅग्नम झाडणाऱ्याने ती दरवर्षी तपासावी.

समोरची माशीही बघा. या रिव्हॉल्व्हरवर नेम हलवायची सोय नसते. नळी आट्यांवर केसभर जास्त किंवा कमी फिरली तर माशी तिरकी बसते आणि गोळी डावीकडे किंवा उजवीकडे जाते. गोळी खाली लागली तर माशी घासून वर आणता येते, बाजूला जात असेल तर नळी फिरवावी लागते, ते घरचं काम नाही.

ठासणीच्या नकलांबद्दल एकच सांगतो, कारण त्या स्वस्तात मिळतात आणि नवखे तिकडे वळतात. पितळी चौकटीच्या घेऊ नका, किंवा घेतल्या तर निम्म्या दारूवर चालवा. यादवी युद्धात दक्षिणेकडच्यांनी पितळ वापरलं ते पोलादाची टंचाई होती म्हणून. पूर्ण माप ठासलं तर सिलिंडरच्या दातांचा ठसा मागच्या पितळात उमटतो आणि मधला दांडा ढिला होत जातो. दुरुस्ती होत नाही. पोलादी चौकटीचं घ्या. वरती पट्टी असलेलं १८५८ चं रेमिंग्टन आणखी बरं.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. स्पर्धेत उतरलात आणि महिन्याला हजारभर गोळ्या झाडल्यात, तर चपट्या स्प्रिंगा मोडणारच. तारेच्या स्प्रिंगांचा संच पहिल्याच वर्षी बसवून घ्या. तिथे शिशाची गोळी आणि सेकंदाला १,००० फुटांच्या आतला वेग असा नियमच आहे, त्यामुळे ताण कमी पडतो. महिन्यातून एकदा ५० गोळ्या झाडणार असाल तर मूळ स्प्रिंगा कित्येक वर्षं टिकतील. आणि वापरलेलं घेणार असाल, तर आधीच्या मालकाने रिकामा घोडा किती आपटलाय आणि आत कानस कुठे लावलीय यावर सगळं आहे.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडायची नाही. जुन्या रचनेत घोड्यावरची टोकदार पिन थेट काडतुसावर टेकते. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं तर गोळी सुटते. घोडा किंचित ओढून अडकवायची पहिली खाच याला पुरत नाही, ती तुटते, तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. सहा घरांत पाचच काडतुसं भरा आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवा. एक भरा, एक सोडा, पुढची चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि हाताने धरून सावकाश खाली सोडा. नव्या काही नकलांमध्ये घोड्यातली पिन चाप दाबल्याशिवाय बाहेर येत नाही, पण मी त्यातही पाचच भरतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सगळे स्क्रू नीट बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट करा. टोक खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, नाहीतर डोकी खरवडली जातात. पहिल्या ५० गोळ्यांनंतर पुन्हा बघा, दोन-तीन तरी सैल झालेले असतील, त्यांना निळं लॉक्टाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) थेंबभर लावा. आणि फटीची दोन्ही मापं आणि शिक्क्याशेजारची दोन अक्षरं इथे लिहा. त्यावरून त्या एका रिव्हॉल्व्हरबद्दल मला आणखी नेमकं सांगता येईल.